अभिनय शिकायला आलो आणि पहिले सत्र दिवे टांगण्यात गेले. सगळीकडे असेच असते का?

नवखा नट:

नमस्कार. नाट्यशास्त्र हा मुख्य विषय घेऊन मी पदवीच्या पहिल्या वर्षात शिकत आहे. येथे नाटकात काम केलेली बरीच जाणती मंडळी लिहितात, म्हणून थोडे सविस्तर विचारतो.

प्रवेशाच्या वेळी माझ्याकडून दोन स्वगते करून घेतली, दिलेल्या विषयावर एक प्रसंग जागच्या जागी उभा करायला लावला आणि एक उतारा मोठ्याने वाचून घेतला. निवड अभिनयावरून झाली, तेव्हा शिकवतीलही अभिनयच, असे मी धरून चाललो. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या वर्षाच्या निर्मितीसाठी आमचे गट पाडले आणि माझे नाव प्रकाशयोजनेत आले. तेव्हापासून पाना दोरीने कमरेला बांधून शिडीवर चढणे, दिवे बारला, म्हणजे वरच्या आडव्या नळीला, अडकवणे, प्रत्येक दिव्याला सुरक्षेची साखळी आहे की नाही ते तपासणे, दिव्यांपुढे लावायचे रंगीत जिलेटिनचे कागद मापाने कापणे आणि तालमीनंतर केबल गुंडाळून ठेवणे, असा माझा दिनक्रम आहे. या चार महिन्यांत मी रंगमंचावर उभा राहिलो तो केवळ दिवा चेहऱ्यावर नीट पडतो का हे इतरांना पाहता यावे म्हणून. तेही दुसऱ्याच्या जागेवर आणि एकही वाक्य न बोलता.

कष्टाला माझी ना नाही. शंका एवढीच आहे की तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातले एक सबंध सत्र असे गेले, तर ज्यासाठी आलो ते शिकायचे कधी? शिक्षकांना विचारले, तर ‘कळेल पुढे’ यापलीकडे उत्तर मिळत नाही.

उजवी विंग:

थोड्याफार फरकाने बहुतेक ठिकाणी असेच असते, आणि त्यामागे केवळ फुकट मनुष्यबळाची सोय नाही. (ती सोयही असतेच. ते नाकारण्यात अर्थ नाही.)

नाटक शिकवणाऱ्या संस्थांची घराणी दोन आहेत, आणि आपण कोणत्या घराण्यात प्रवेश घेतला हे बऱ्याच विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षापर्यंत उमगत नाही. नट घडवणे हेच पहिले काम मानणाऱ्या संस्थांचे एक घराणे. लंडनची रॉयल अकादमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट ही संस्था १९०४ साली हर्बर्ट बीअरबोम ट्री या नट-व्यवस्थापकाने सुरू केली, आणि नटाला हवे असलेले शिक्षण हाच तिच्या स्थापनेमागचा हेतू होता. दुसरे घराणे विद्यापीठांचे. अमेरिकेत नाटकाची पहिली पदवी देणारा विभाग १९१४ साली कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे सुरू झाला. हार्वर्डमध्ये जॉर्ज पिअर्स बेकर हे प्राध्यापक नाट्यलेखन शिकवत असत. लिहिलेले नाटक उभे करून पाहिल्याशिवाय त्यातले दोष दिसत नाहीत म्हणून त्यांनी वर्गाला प्रयोगाची जोड दिली, आणि पुढे १९२५ साली ते येल विद्यापीठात गेले व तेथे नाटकाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. म्हणजे विद्यापीठाच्या अंगणात नाटक आले तेच मुळी ‘संहितेपासून प्रयोगापर्यंतचे सगळे’ या स्वरूपात. अभिनय हा त्यातला एक भाग.

तुमची निवड अभिनयावरून झाली असली, तरी तुमच्या पदवीवर ‘अभिनय’ लिहिलेले असणार आहे की ‘नाट्यशास्त्र’, हे एकदा पाहून घ्या. दुसरे असेल तर महाविद्यालय आपल्या शब्दाला जागते आहे, असे म्हणावे लागेल.

वाचिक:

उजवी विंग यांनी दिलेला इतिहास बरोबर आहे, पण त्यावरून आजचे वेळापत्रक योग्य ठरत नाही. मी आवाज आणि वाचिक अभिनय शिकवते, त्यामुळे नवखा नट यांची तक्रार मला दर वर्षी नव्या तोंडून ऐकू येते आणि दर वर्षी ती मला पटते.

शिकण्याच्या सगळ्या गोष्टींना सारखा वेळ लागत नाही, ही साधी बाब अभ्यासक्रम आखणारे विसरतात. दिवा बारला लावणे दोन दिवसांत येते आणि क्यू शीट, म्हणजे कोणता दिवा केव्हा बदलायचा याची यादी, वाचणे आठवड्यात. श्वासाची सवय बदलायला मात्र महिने लागतात, आणि ती रोज थोडी थोडी बदलावी लागते. परीक्षेच्या आदल्या महिन्यात बसून ती बदलता येत नाही. वर्गात नव्याने आलेल्या मुलाला ‘शेवटच्या रांगेपर्यंत पोचव’ म्हटले की तो खांदे वर उचलतो, मान ताणतो आणि ओरडतो. मागे बसलेल्याला स्वर ऐकू येतात, व्यंजने वाटेतच गळालेली असतात आणि वाक्याचा अर्थ लागत नाही. हे दुरुस्त करण्यासाठी मी एकच परिच्छेद आधी फक्त स्वरांत म्हणायला लावते, मग फक्त व्यंजनांत, आणि मग पुन्हा पूर्ण. तिसऱ्या वेळी आवाज वाढलेला नसतो, तरी शब्द मागच्या भिंतीला लागतात. हा सराव आठवड्यातून दोन तासांत बसत नाही, आणि माझ्या वाट्याला तेवढेच येतात. निर्मिती जवळ आली की तेही नेपथ्यवाले मागून नेतात.

‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन ग्रंथात भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य आणि सात्त्विक (मनातल्या भावाचा). पहिल्या सत्रात यांतले पहिले दोन रोज हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिवाभीत:

मी प्रकाशयोजनाकार आहे, म्हणजे माझे म्हणणे एकतर्फी असणार हे आधीच कबूल करतो. (सदस्यनामावर जाऊ नये.)

वाचिक यांनी चार प्रकार सांगितले आणि पहिल्या दोनांवर थांबल्या. तिसरा आहार्य, म्हणजे वेश, रंगभूषा आणि रंगमंचावरच्या कृत्रिम वस्तू. त्यालाही भरत ‘अभिनय’च म्हणतो, अभिनयाची सजावट म्हणत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेक्षागृहाची मापे दिली आहेत. ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असे मध्यम आकाराचे गृह माणसांच्या नाटकाला योग्य, कारण त्याहून मोठ्या गृहात आवाज अस्पष्ट होतो आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. या लांबीचे दोन भाग करून पुढचा प्रेक्षकांना द्यायचा आणि मागच्याचे पुन्हा दोन भाग करायचे. त्यांतला पुढचा रंगमंचासाठी आणि सर्वांत मागचा नेपथ्यगृहासाठी. हिशोब केला तर इमारतीचा चौथा हिस्सा पडद्यामागचा ठरतो. आज किती नाट्यगृहांत एवढी जागा मिळते, हे येथील बॅकस्टेजवाल्यांनी सांगावे.

आता मुद्द्यावर येतो. नटाने दिवे का टांगावेत?

चेहरा पूर्ण आणि उठावदार दिसावा म्हणून दोन बाजूंनी, प्रत्येकी सुमारे ४५ अंशांच्या कोनात, वरून येणारे दोन दिवे वापरायचे आणि त्यांतला एक उबदार रंगाचा, दुसरा थंड रंगाचा ठेवायचा, ही पद्धत येल विद्यापीठात प्रकाशयोजना शिकवणारे स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ साली पुस्तकरूपाने मांडली. आज आम्ही सगळे ती मोडून-वाकवून वापरतो, पण पाया तोच आहे. ज्या नटाला हे ठाऊक नाही तो भावनेच्या भरात मान खाली घालतो. प्रकाश वरून येत असल्यामुळे भुवयांची सावली डोळ्यांवर पडते, आणि त्याचे डोळे खरोखर भरून आलेले असले तरी प्रेक्षकाला तेथे दोन काळे खड्डे दिसतात. तो दिवा ज्याने स्वतःच्या हाताने फोकस केला आहे त्याला हे सांगावे लागत नाही. तो दुःखातही हनुवटी दोन बोटे वर ठेवतो.

अंतराचेही तसेच. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो. विंगेतल्या दिव्यापासून दोन मीटरवर उभा राहायचे ठरलेला नट चार मीटरवर जाऊन उभा राहिला, तर त्याला स्वतःला ती दोन पावले वाटतात. आमच्या दृष्टीने तो निम्म्याहून अधिक विझलेला असतो. जुने नट गालाला लागणाऱ्या उष्णतेवरून आपण झोताच्या मध्यावर आहोत की कडेला हे ओळखत असत. एलईडी दिव्यांच्या झोतात ती ऊब जवळजवळ नसते, त्यामुळे आजच्या नटाने दिव्याकडे न पाहता दिवा शोधायला शिकणे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे, आणि म्हणूनच अधिक गरजेचे.

हे सगळे खरे असले तरी ‘कळेल पुढे’ हे उत्तर मला मान्य नाही. आपोआप काहीही कळत नाही. मी विद्यार्थ्यांबरोबर काम करतो तेव्हा फोकस झाल्यावर शिडी बाजूला ठेवायला लावतो आणि प्रत्येकाला त्या दिव्यात उभे करून तेच एक वाक्य तीन ठिकाणी म्हणायला लावतो: झोताच्या मध्यावर, कडेवर आणि कडेच्या अर्धे पाऊल बाहेर. बाकीच्यांनी मागच्या रांगेत बसून पाहायचे. पाऊण तास लागतो. हा पाऊण तास ज्या गटाला मिळाला नाही त्याने चार महिने हमाली केली, असे मी म्हणेन. नवखा नट, तुमच्या गटाला तो मिळाला का?

ता. क. हॅलोजनचा बल्ब उघड्या बोटांनी धरू नका. त्वचेचे तेल काचेला लागते, तेवढीच जागा अधिक तापते आणि बल्ब ऐन प्रयोगात फुटू शकतो. हे कोणीतरी सांगितले असेलच, पण सांगितले नसेल तर.

कोपऱ्यातला प्रेक्षक:

पोलिश दिग्दर्शक ग्रोटोव्स्की यांनी दिव्यांचे परिणाम, रंगभूषा, नेपथ्य हे सगळे काढून टाकले आणि नट व प्रेक्षक एवढ्यावरच रंगभूमी उभी राहते हे दाखवून दिले. मग नटाला शिडीवर चढवण्याचा आग्रह कशासाठी?

दिवाभीत:

ग्रोटोव्स्की यांनी आधी क्राकोच्या नाट्यविद्यालयात अभिनयाचे रीतसर शिक्षण घेतले आणि मग मॉस्कोत दिग्दर्शनाचे. काय काढून टाकायचे, याची यादी त्यांच्याजवळ होती. शिवाय त्यांच्या नटांचा दिवस शरीर आणि आवाज यांच्या ज्या कडक साधनेत जात असे, ती पाहता तुमचा दाखला माझ्यापेक्षा वाचिक यांच्याच उपयोगी पडेल.

अर्धवट:

मी हा अभ्यासक्रम दुसऱ्या वर्षी सोडला, तेव्हा दुसरी बाजूही नोंदवली जावी म्हणून लिहिते. महाविद्यालयाचे नाव घेणार नाही.

आमच्याकडे पडद्यामागचे काम ही शिक्षा होती. तालमीला उशीर झाला की आठवडाभर प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातल्या वस्तू सांभाळणे. शिक्षकांशी वाद घातला की पुढच्या नाटकात भूमिका नाही, इस्त्री करा. साहजिकच जे काम शिक्षा म्हणून दिले जाते ते कमी प्रतीचे, हे मुलांच्या मनात पक्के बसते, आणि मग ‘रंगमंचावरचे प्रत्येक काम सारखेच महत्त्वाचे’ हे पहिल्या व्याख्यानातले वाक्य कितीही वेळा म्हटले तरी कोणी खरे मानत नाही. दुसरे असे की वाटणी ठरलेली असे. मुलगे दिव्यांवर आणि नेपथ्यावर, मुली वेशभूषेवर आणि रंगभूषेवर. मी दोनदा प्रकाशाच्या गटासाठी अर्ज दिला आणि दोन्ही वेळा मला साड्यांच्या घड्या मोजायला बसवले. गुण हजेरीवर मिळत असत. कोण काय शिकले, हे विचारण्याची पद्धतच नव्हती.

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचे भांडण लागते, आणि श्रेष्ठ कोण हे ठरवायचे कसे, तर शिष्यांचा प्रयोग पाहून, असे परिव्राजिका, म्हणजे नाटकातली संन्यासिनी, सुचवते. एखाद्याची कला त्याच्या स्वतःपाशीच शोभते, एखाद्याला ती दुसऱ्यात उतरवणे चांगले साधते. ज्याच्याकडे दोन्ही आहे त्याला शिक्षकांच्या अग्रभागी बसवावे, असा तिचा निवाडा आहे. आमच्या शिक्षकांपैकी तिघे उत्तम नट होते. दुसऱ्यात उतरवण्याची गोष्ट कोणी मनावर घेतलीच नाही.

वाचिक:

अर्धवट, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटले, आणि त्यातले थोडे आम्हा शिक्षकांना लागू आहे हेही मान्य करते. दिवाभीत यांचा आहार्याचा मुद्दा मी स्वीकारते. वेळेचा मुद्दा मात्र सोडत नाही. त्यांच्या पाऊण तासाच्या पाठाला चार महिने लागत नाहीत, हे त्यांनीच लिहिले आहे.

एक पालक:

विषयाला धरूनच विचारते. माझी मुलगी यंदा याच अभ्यासक्रमाला जाऊ पाहते आहे. अभिनयात किती जणांना स्थिर काम मिळते, हे आम्हाला दिसते आहे. अशा वेळी हे तांत्रिक शिक्षण पुढे उपयोगी पडते का, की ते केवळ ओळख करून देण्यापुरते असते?

उजवी विंग:

पदवीपुरते जे शिकवतात त्यावर कोणी प्रकाशयोजनाकार होत नाही, जसे अभिनयाच्या तासांवर कोणी नट होत नाही. परंतु वर्गातल्या वीस जणांपैकी दोघा-तिघांना पहिल्यांदाच कळते की आपल्याला विंगेत उभे राहणे रंगमंचावर उभे राहण्यापेक्षा जास्त आवडते. मी त्यांतलाच एक आहे. प्रवेश घेताना मला रंगमंच व्यवस्थापक नावाचे काम असते हेही माहीत नव्हते, आणि गेली अनेक वर्षे माझे घर त्याच कामावर चालते. मुलीला घेऊन महाविद्यालयाचा एखादा प्रयोग पाहायला जा आणि शक्य झाल्यास प्रयोगाआधी दोन तास तेथे थांबण्याची परवानगी मागा. पडदा वर गेल्यावर सगळीच महाविद्यालये बरी दिसतात. आधीच्या दोन तासांत कोण कोणाशी कोणत्या आवाजात बोलते, शिडी धरायला दुसरा माणूस असतो की नाही आणि शिक्षक स्वतः कोठे असतात, एवढे पाहिले तरी पुरे.

नवखा नट:

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मध्यंतरी प्रयोग होते.

दिवाभीत, तुमचा पाऊण तास आम्हाला मिळाला नव्हता. तुमचा प्रतिसाद मी गटातल्या मुलांना वाचून दाखवला आणि रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी आम्हीच तो करून पाहिला. कडेच्या अर्धे पाऊल बाहेर उभा राहून मी जे वाक्य म्हटले ते म्हणे कोणालाच आठवत नव्हते. मध्यावर उभे राहून म्हटलेले तेच वाक्य सगळ्यांना आठवत होते. बल्बविषयीही कोणी सांगितले नव्हते. आता हातमोजे आणले आहेत.

दुसरी एक घटना सांगतो. शेवटच्या प्रयोगाला दिव्यांच्या बोर्डवर मला बसवले. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस आई मुलाला एकच वाक्य बोलते आणि त्या वाक्याच्या शेवटच्या शब्दावर प्रकाश वीस सेकंदांत हळूहळू उतरत जातो. तालमीत ती नटी वाक्याआधी तीन-चार सेकंद थांबत असे. त्या दिवशी ती थांबली आणि थांबूनच राहिली. कानातल्या हेडफोनमधून रंगमंच व्यवस्थापिकेचा ‘थांब’ एवढाच शब्द आला. माझे बोट बटणावर होते. ती वाक्य विसरली असावी असे मला आधी वाटले. मग तिच्या खांद्यांकडे लक्ष गेले. ते खाली होते आणि बरगड्या मात्र बाजूंनी सावकाश उघडत होत्या. ती श्वास घेत होती, म्हणजे ती विसरलेली नव्हती आणि वाक्य येणार होते. ते आले, शेवटच्या शब्दावर ‘गो’ ऐकू आले आणि मी बटण दाबले. पूर्वी मी विराम मनात आकडे मोजून घेत असे: एक, दोन, तीन, आणि पुढचे वाक्य. त्या दिवशी तो मला पहिल्यांदाच बाहेरून दिसला, आणि त्यात आकडे कोठेच नव्हते.

तरीही माझी मूळ तक्रार पूर्ण मागे घेतो असे नाही. निर्मितीच्या काळात आमचे आवाजाचे पाच तास रद्द झाले आणि ते भरून काढण्याबद्दल कोणी अवाक्षर काढलेले नाही. आम्ही आठ जणांनी विभागाला तसे लेखी पत्र दिले आहे. मुलींना प्रकाशाचा गट मागता यावा, हेही त्यात घातले आहे. अर्धवट यांचा अनुभव वाचल्यावर आमच्याकडेही तीच वाटणी आहे, हे ध्यानात आले. पुढच्या सत्रात मला भूमिका मिळाली आहे. द्वारपालाची आहे, चार वाक्यांची.

वाचिक, स्वर आणि व्यंजने वेगळी म्हणण्याचा तो सराव एकट्याने करता येतो का? आणि किती वेळ करावा?

वाचिक:

करता येतो. सकाळी दहा मिनिटे पुरतात, पण रोज. परिच्छेद चार ओळींचाच घ्या आणि आठवडाभर तोच ठेवा. व्यंजने म्हणताना जीभ आणि ओठ यांना काम करू द्या, घशाला नको. घसा खरवडल्यासारखा वाटला तर त्या दिवशी तेथेच थांबा आणि पाणी प्या. द्वारपालाची चार वाक्ये त्यात घेऊ नका. ती इतक्यात पाठ झाली तर तालमीत बदलायला जड जातील.

पत्राची एक प्रत मला पाठवा. आमच्या विभागात दाखवायची आहे.